कुंडी भंडारा : भूगर्भातील जलवारसा

सातपुड्यावरील पावसाचे पाणी भूमीत मुरून तापीकडे झिरपते. बऱ्हाणपूरपाशी ते वाटेतच गोळा करून शहरास पुरविण्याची योजना अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळी, १६१५ साली, पर्शियन भूगर्भवेत्ता तबकुतुल अर्ज याने आखली. हाच कुंडी भंडारा. शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने जोडलेल्या असून पाणी केवळ उताराने वाहते. चुनखडीच्या गुहेत घडते तेच येथेही घडते : पाण्यातील क्षार भिंतींवर साचून मार्ग अरुंद होतो. परंतु क्षार खरवडल्याने भंडारा वाचणार नाही. डोंगरउतारावरील झाडी तुटली, भोवती कूपनलिका वाढल्या, की झरेच आटतात. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. रक्षणाचा आरंभ मात्र सातपुड्याच्या माथ्यावरूनच व्हावयास हवा. शतकभर ग्रंथ जपणाऱ्या समाजास हे अवघड नाही.