काम मागणाऱ्यांचं मस्टर



वेब डिझायनरांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. चिकलठाण्याच्या याच औद्योगिक वसाहतीत मी पहिली वेबसाइट केली, त्यामुळे हा मान घरचा वाटतो. 

संयोजकांनी वेब डिझाइनच्या पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. सुरुवात करतो. १० मार्च २००० रोजी नॅसडॅक निर्देशांक ५,०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला आणि डॉटकॉमच्या नावानं उघडलेली दुकानं धडाधड मिटली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजारांहून अधिक माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं.

आढावा इथंच थांबवतो. या प्रत्येक तारखेनंतर आपल्यातली माणसं घरी बसली, आणि त्यांतल्या एकानंही आपल्या मेळाव्यात उभं राहून ‘माझ्या हाताला काम नाही’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपण म्हणतो, ‘सध्या फ्रीलान्स करतोय’, ‘जरा ब्रेक घेतलाय’, ‘स्वतःचं काहीतरी सुरू करतोय’. मीही हेच म्हणत होतो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज बोलून टाकतो.

फेब्रुवारी २००९. मी होतो त्या कंपनीची कामं अमेरिकेतून यायची, ती आटली. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्हा अकरा जणांच्या हातात पाकिटं पडली. सोमवारी मी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो, कारण बायकोला सांगायचं धाडस झालं नव्हतं. मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर एका बाकड्यावर जाऊन बसलो. एक वाजता डबा उघडायचा, सहाला घरी परतायचं. असे एकेचाळीस दिवस काढले. डबा रिकामाच परत जायला हवा, म्हणून भूक नसली तरी भाकरी संपवायची. प्रत्येक घास चोरीचा वाटायचा.

एकेचाळिसाव्या दिवशी त्याच फलाटावर, पलीकडच्या टोकाला, शेजारच्या कंपनीतला एक डिझायनर दिसला. चहाच्या टपरीवरची आमची ओळख. मांडीवर बॅग, बॅगेवर डबा. जवळ जाऊन विचारलं, ‘‘कुठं निघालास?’’

‘‘जालन्याला. तू?’’

‘‘मी पण.’’

जालन्याची गाडी आली, थांबली, निघून गेली. आम्ही दोघं बाकड्यावरच. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो खाली बघत म्हणाला, ‘‘तुला किती दिवस झाले?’’

त्या एका प्रश्नानं माझं आयुष्य रुळावर आणलं. बोलता बोलता दोघांच्या गिऱ्हाइकांच्या वह्या निघाल्या, आणि त्यांत एक नाव समान निघालं. वसाहतीतला जिग-फिक्स्चर बनवणारा एक छोटा कारखाना. त्यांच्या वेबसाइटसाठी मी पंधरा हजार सांगितले होते. मालक म्हणाले, ‘दुसरा एक जण बारात करतोय.’ मी दहावर आलो. ‘तो आठात करतोय.’ मी सहावर आलो. तो दुसरा कोण, हे मला त्या बाकड्यावर कळलं. माझ्याशेजारीच बसला होता. त्यालाही ‘दुसरा एक जण’ म्हणून माझाच आकडा सांगितला जात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्या मालकांकडे गेलो. अठरा हजार सांगितले, सोळावर सौदा ठरला. त्या रात्री मी घरी सगळं सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, ‘‘आधी सांगितलं असतं तर गरम तरी जेवला असता.’’

आज सकाळच्या परिसंवादात वाद रंगला, की मंदीत दर उतरवावा की धरून ठेवावा. दोन्हीकडून भरपूर युक्तिवाद झाले. माझं उत्तर त्या बाकड्यावर आहे. दर बाजारानं पाडला नव्हता, लपून बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांचा पाडला होता. लपवलेली बेकारी गिऱ्हाइकाला बरोबर वासानं कळते. कळत नाही ती फक्त आपल्याला एकमेकांची.

दुसरा वाद यंत्राचा. कृत्रिम बुद्धिमत्ता आपला धंदा बसवणार का? मित्रांनो, मी सहा वर्षं फ्लॅशमध्ये हलती पानं केली. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश बंद केलं. माझं सहा वर्षांचं काम आज कुठल्या ब्राउजरमध्ये उघडतही नाही. त्याआधी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये बसवलेली मराठी पानं युनिकोड आल्यावर पहिल्यापासून करावी लागली होती. हत्यार मेलं की माणूस दुसरं हत्यार शिकतो, शिकायला चार-सहा महिने लागतात. ते चार-सहा महिने घर कोण चालवणार, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर परिसंवादात कुणी तोंड उघडलं नाही.

आपली बेकारी तर कुणाला दिसतही नाही. इथली व्हिडिओकॉन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ते या शहरातल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. कारखान्याच्या गेटला कुलूप दिसतं. आपल्याला एक मेल येतो आणि पासवर्ड चालेनासा होतो, शेजाऱ्यालाही कळत नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळानं बेकार विमाधारकांसाठी २०१८ मध्ये योजना सुरू केली, २०२० मध्ये तिचा भत्ता निम्म्या वेतनापर्यंत वाढवला, जास्तीत जास्त ९० दिवस. पण विम्याची पगारमर्यादा २१,००० रुपये. त्यावरचा डिझायनर तिथं बसत नाही, आणि फ्रीलान्सवाल्याला तर मालकच नाही.

काम उघड कसं मागायचं, ते माझ्या आईला ठाऊक होतं. ती पैठण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या. त्या काळात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ती सांगायची, ‘‘सकाळी मुकादम मस्टर काढायचा. नाव पुकारलं की ‘हाय’ म्हणायचं. पाटलाची सून पण शेजारीच बसलेली. लाजायचं कुणाला?’’ वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली. त्या कायद्याचं मर्म मला फार उशिरा कळलं. तिथं हक्क सुरू होतो तो मागणीपासून. माणसानं काम मागितलं, की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मागितलंच नाही, तर कायदाही काही करू शकत नाही. निरक्षर आईला ‘हाय’ म्हणता आलं. तिच्या शिकलेल्या मुलाला एकेचाळीस दिवस ते म्हणता आलं नाही.

म्हणून काही कामं सुचवतो. आपलं एक मस्टर असावं, काम नसलेल्यांनी त्यात उघड नाव लिहावं. ज्याच्याकडे जास्तीचं काम आलं, त्यानं आधी ते मस्टर बघावं. फुकट नमुना कुणी करून देऊ नये. एक छोटा निधी उभा करावा, दिवसा बसायला एक खोली असावी, म्हणजे कुणाला फलाटावर बसावं लागणार नाही. तपशील समितीनं ठरवावा. तरुणांनी पुढं यावं, मी मागं उभा आहे.

बाहेर दाराशी टेबलावर मी लाल पुठ्ठ्याची एक वही ठेवली आहे. पहिली ओळ भरली आहे. तिथं माझं नाव आहे, फेब्रुवारी २००९ आहे आणि पुढं लिहिलंय, ‘दिवस एकेचाळीस, कुणाला सांगितलं नाही.’ खालच्या ओळी कोऱ्या आहेत. जेवायला जाताना त्या टेबलापाशी थांबा. ज्याच्या हाताला आज काम नाही, त्यानं नाव लिहावं, आणि मोठ्यानं ‘हाय’ म्हणावं.