सक्शन लाइनचा व्यास हिशेबाने ठरवा



आज अध्यक्ष म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. डिस्प्ले फ्रीझरच्या सक्शन लाइनचा व्यास कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हकडे पाहून ठरवणे आपण बंद केले पाहिजे. आइसक्रीमचे किंवा गोठवलेल्या मासळीचे फ्रीझर खाली दुकानात आणि कंडेन्सिंग युनिट वर गच्चीवर, ही मांडणी आता सर्रास दिसते. व्हॉल्व्हचे तोंड सात सुताचे असले की गच्चीपासून फ्रीझरपर्यंत सात सुताचीच नळी ओढली जाते. पण ते तोंड कारखान्याने त्या यंत्रापुरते बसवलेले असते. तुमची नळी पाच मीटर जाणार की पंचवीस, वाटेत किती एल्बो येणार, किती उंची चढायची, यातले काहीही त्या तोंडावरून कळत नाही.

दुधाच्या चिलरवर चालून गेलेले आडाखे फ्रीझरवर फसतात, त्याचे कारण दाबात आहे. आर-४०४ए उणे ५ अंशांना उकळतो तेव्हा त्याचा निरपेक्ष दाब सुमारे ५ बार असतो; उणे ३० अंशांना जेमतेम २ बार. चिलरमध्ये एक अंश म्हणजे साधारण ०.१७ बार, फ्रीझरमध्ये फक्त ०.०८ बार. नळीत दाब तेवढाच पडला तरी फ्रीझरला त्याची दुप्पट झळ बसते. एक अंश गेला की कॉम्प्रेसरपर्यंत पोचणारी वाफ सुमारे चार टक्के विरळ होते, थंडावाही जवळपास तेवढाच घटतो, आणि विजेचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. म्हणूनच सक्शन लाइनमध्ये एक अंशाच्या आसपासच तूट धरावी, हा दंडक आहे.

आता १५ मीटर आडवी आणि ४ मीटर उभी अशी एक लाइन घ्या. पूर्ण भाराला नऊ सुताच्या नळीतून वाफ सेकंदाला ९ मीटर वेगाने जाते असे धरू. तीच वाफ सात सुतातून नेली तर वेग १५ मीटरवर जातो आणि दर मीटरमागे पडणारा दाब जवळजवळ चौपट होतो, कारण ही तूट व्यासाच्या साधारण पाचव्या घातानुसार बदलते. सगळी लाइन सात सुताची केली तर एल्बो न धरताच अडीच-तीन अंश जातात, म्हणजे थंडाव्याचा दहावा हिस्सा नळीतच संपतो.

यावर कोणी म्हणेल, मग सगळीकडे नऊ सुताचीच टाकू, मोठ्या नळीने काय बिघडते? बिघडते ते तेल. कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर निघालेले तेल वाफेच्या वेगावरच परत येते. उणे तापमानात ते घट्ट होऊन नळीच्या भिंतीला धरते. उभ्या नळीत ते वर चढायला सेकंदाला सात-आठ मीटर वेग लागतो. रात्री फ्रीझरचे पडदे ओढले, एखादा डीफ्रॉस्टवर गेला, की भार निम्म्यावर येतो. नऊ सुताच्या उभ्या नळीत वेग साडेचार मीटर उरतो आणि तेल खालच्या ट्रॅपमध्ये साचत जाते. पुढे भार वाढला की ते एकदम कॉम्प्रेसरवर आदळते. उभा भाग तेवढा सात सुताचा ठेवला तर निम्म्या भारालाही वेग पावणेआठ मीटरच्या आसपास राहतो. आडवा भाग नऊ सुताचाच ठेवल्यामुळे एकूण तूट एक अंशाच्या थोडीच वर जाते. एकाच लाइनमध्ये दोन व्यास वापरण्याचा संकोच सोडायला हवा. भार याहून खाली जात असेल तर दुहेरी उभी नळी घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: अशी शेकडो यंत्रे चालतात, कुणाची तक्रार नाही. यंत्र चालते, कारण बारीक नळीने खाल्लेला थंडावा ते जास्त तास चालून भरून काढते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, कंडेन्सिंगचे तापमानही वर चढते आणि हाताशी जास्तीचे तास उरत नाहीत. तेव्हा आइसक्रीम मऊ पडते, आणि दोष गॅस कमी असल्यावर ढकलून वर गॅस भरला जातो. तांबे महाग आहे हे खरे. पण आडव्या भागातल्या वाढीव तांब्याचे पैसे एकदाच जातात; जास्त तासांची वीज दुकानदार यंत्र असेपर्यंत भरतो.

लिक्विड लाइनचा प्रश्न निराळा. तिथे मोठ्या नळीने तेल अडत नाही, पण गॅस जास्त भरावा लागतो. आर-४०४एची तापवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे आणि असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायला लावणारी किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली आहे, तेव्हा गळतीत जाणाऱ्या प्रत्येक किलोचा विचार करावाच लागेल. प्रोपेनवर चालणाऱ्या, सगळे यंत्र पोटात असलेल्या फ्रीझरला जागेवर नळी लागतच नाही. तिथे हा वादच उरत नाही. पण गच्चीवर युनिट ठेवण्याची पद्धत इतक्यात जाणार नाही. म्हणून माझी सूचना अशी: यापुढे प्रत्येक कोटेशनसोबत एक कागद जोडावा. त्यावर उकळण्याचे तापमान, सर्वाधिक आणि सर्वांत कमी भार, एल्बो धरून नळीची लांबी, चढाची उंची आणि प्रत्येक भागाचा निवडलेला व्यास लिहिलेला असावा, आणि खाली हिशेब करणाऱ्याची सही असावी.