मुक्त शिक्षण आणि आपले घर

(पाथर्डी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परवा एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. ते म्हणाले, "सर, आता मुक्त विद्यापीठ आहेच. पुढचे ती घरी बसून करील. कॉलेजात कशाला पाठवायची?" रस्त्यात त्यांना नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ १९६९ सालचे. शिकू इच्छिणारे फार आणि कॉलेजे थोडी, अशी अवस्था असलेल्या देशांनी ही कल्पना लगेच उचलली. पाकिस्तानने १९७४ मध्ये, आपल्याकडे हैदराबादने १९८२ मध्ये, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. उर्दू शाळेत शिकलेल्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद विद्यापीठ १९९८ साली निघाले, तेथेही दूरशिक्षणाची सोय झाली.

हे सारे कोणासाठी? आपल्या तालुक्यात दिवाळीच्या सुमारास किती घरांना कुलूप लागते आणि कोयता घेऊन माणसे कारखान्यावर जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या घरातला मुलगा, गॅरेजात हात काळे करणारा आपला पोरगा, लग्नामुळे नववीतून शाळा सुटलेली सून, यांच्यासाठी. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी हे दार उघडले आहे. वर्गात बसलेल्या मुलीला उठवून घरी आणण्यासाठी ते उघडलेले नाही.

आणि 'घरी बसून' हा शब्द फसवा आहे. शाळेत घंटा वाजते, गुरुजी हजेरी घेतात. घरात कोण घेणार? पुस्तक उघडले की पाहुणे येतात, चहा टाकायचा असतो, धाकट्याला सांभाळायचे असते. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असते त्या रविवारी मुलगा दुकानात हवा असतो. गृहपाठ राहतो, वर्ष जाते, आणि आपण म्हणतो, "पोरीला अभ्यासाची गोडीच नाही." फी आपण भरली हे खरे, पण वेळ दिला नाही. माझ्याही घरी हे घडले आहे, म्हणून बोलतो.

तेव्हा ज्यांच्या घरातून कोणी असा प्रवेश घेतला असेल, त्यांनी रोज एक तास ठरवावा. त्या तासात तिला हाक मारायची नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. ज्यांची दहावी राहिली आहे त्यांनी आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून तीच पुरी करावी. पुढे नोकरीच्या अर्जाला ती गुणपत्रिका लागतेच. संस्थेच्या चालकांनाही माझी विनंती आहे : वाचनालय दुपारी दोन तास फक्त स्त्रियांसाठी उघडे ठेवा. एक पंखा आणि चार खुर्च्या, एवढाच खर्च आहे.

ते गृहस्थ येथे आले असतील. अकरावीचे प्रवेश अजून बंद झालेले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला भेटावे. उद्या सकाळी मुलीचे दाखले घेऊन आपण दोघे कॉलेजात जाऊ.