मधुमेह शिकत राहणारे डॉक्टर

महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण चालू ठेवून ३० श्रेयांकही मिळवावे लागतात. मधुमेहाच्या बाबतीत हे शिकणं किती निकडीचं आहे, ते दंडावर चिकटवलेल्या छोट्या सेन्सरवरून कळतं.

हा सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नव्हे. म्हणून त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. साखर झपाट्यानं उतरत असताना सेन्सर ८० दाखवेल, पण रक्तात ती त्याहून कमी असेल. घाम, थरथर जाणवली तर बोटातून रक्त घेऊन तपासायलाच हवं. आणखी एक गोष्ट. तीन महिन्यांची सरासरी दोघांची सारखी असली, तरी एकाची साखर स्थिर असते, दुसऱ्याची रात्री ५० आणि जेवणानंतर ३००! म्हणून बहुतेक प्रौढांची साखर दिवसातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० दरम्यान राहावी, असं २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं.

पण शिकायचं फक्त डॉक्टरांनीच नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करते. अशा मुलांच्या घरी इन्सुलिनचं इंजेक्शन बहुधा आईच देते. तिला शिकवणाऱ्या परिचारिकेलाही डॉक्टरांसारखं सतत प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. कारण एकाच जागी सुई टोचत राहिलं की तिथे गाठ येते, इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. तेव्हा डोस वाढवण्याआधी पोटावर, मांडीवर बोटं फिरवून ती गाठ शोधायची असते.