रुपेरी पानांची तीन झुडपे

(उन्हाळी श्रमदानासाठी साउथ डकोटाला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



सामानाची यादी तुम्हांला मिळाली आहे, ती मी पुन्हा वाचत नाही. मला बोलायचे आहे ते झाडांविषयी. लकोटा वस्त्यांजवळच्या ओढ्यांकाठी रशियन ऑलिव्ह तोडायचे काम आपल्याकडे आहे. त्याच काठांवर रुपेरी पानांचे दुसरे एक झुडूप वाढते. ते तिथलेच, मूळचे. इंग्रजीत त्याला बफेलोबेरी म्हणतात. लकोटा भाषेतले त्याचे नाव सशाच्या ओठावरून पडले आहे. लांबून पाहिले तर दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून ही बैठक.

रशियन ऑलिव्ह आले युरोप-आशियातून. नावात ऑलिव्ह असले तरी खऱ्या ऑलिव्हशी त्याचे काही नाते नाही. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेते उडून जात होती, तेव्हा वारा अडवायला त्याच्या रांगा लावल्या. हेतू चांगला होता. पुढे पाखरांनी बिया नदीकाठी नेल्या आणि आता ते तिथल्या कॉटनवूडला आणि विलोला जागा देत नाही.

हे झाड नुसते तोडून मरत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून तोडल्याबरोबर खोडावर तणनाशक लावतात. चुकून बफेलोबेरीवर करवत चालली तर ती एखादवेळ मुळांतून पुन्हा येईल. पण वर औषध लागले की संपले. लक्ष द्यायचे ते यासाठी.

आता ओळख. काट्यांवर विसंबू नका, काटे दोघांनाही असतात. पानांचा रंगही दोघांचा चंदेरी. पाहायचे ते पाने फांदीवर बसली कशी आहेत. बफेलोबेरीची पाने समोरासमोर, जोडीने येतात. तुळशीची येतात तशी. रशियन ऑलिव्हची एकाआड एक येतात, जास्वंदीसारखी. एकाच फांदीवर निर्णय करू नका. गुरे शेंडे खातात, जोडीतले एक पान गळते. चार-पाच फांद्या बघा. पानाचा आकारही मदत करतो. बफेलोबेरीचे पान लहान, टोकाला बोथट. रशियन ऑलिव्हचे लांब आणि निमुळते. हिवाळ्यात पाने नसतात, पण कळ्या त्याच जागी असतात, त्यामुळे खूण बदलत नाही.

तिसरे झुडूप सिल्व्हरबेरी. तेही मूळचेच, आणि त्याची पाने एकाआड एक! म्हणजे वरच्या खुणेने ते रशियन ऑलिव्हच्या बाजूला जाईल. त्याला मात्र काटा नसतो, नव्या फांद्यांवर तांबूस तपकिरी खवले असतात आणि ते झाड होत नाही, झुडूपच राहते. त्याची फळेही रुपेरी आणि पिठूळ. आतल्या बीवर लांबट रेघा असतात. ब्लॅकफूट आणि इतर जमातींच्या बायका त्या बियांचे मणी ओवत आल्या आहेत. जूनच्या सुमारास फुलले की वास लांबवर येतो. काहींना तो डोके धरण्याइतका उग्र वाटतो, मला आवडतो.

आपल्यातल्या सह्याद्रीकडच्या मंडळींना हे कुटुंब परके नाही. आंबगूळ आठवते? पानाची मागची बाजू चकाकते, फळ लाल आणि आंबट. ते सिल्व्हरबेरीचे आणि रशियन ऑलिव्हचे सख्ख्या नात्यातले. बफेलोबेरी जरा लांबची चुलत. भिंगातून पाहिलेत तर चमक कसली ते कळेल: पानावर बारीक छत्र्यांसारखे खवले दाटीने बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट. बफेलोबेरीत पपईसारखी नर झाडे वेगळी, मादी वेगळी. फळ धरत नाही म्हणून कोणी म्हणेल, "हे निरुपयोगी, काढून टाका." काढू नका. नर गेला तर शेजारच्या मादीलाही फळ धरणार नाही.

ही फळे मटारएवढी, लाल, तुरट-आंबट. थंडीचा पहिला कडाका पडल्यावर गोडी येते. तेव्हा खाली कापड पसरून फांद्या काठीने झोडपतात, कारण काट्यांत हात घालणे शहाणपणाचे नाही. वाळवून हिवाळ्यासाठी ठेवतात, बायसनच्या मांसाबरोबर चटणीसारखी खातात. घुसळली की फेस येतो. तो त्यातल्या सॅपोनिनचा, रिठ्यात असते ते. म्हणून कच्ची ओंजळभर खाऊ नका, पोट बिघडेल.

लकोटा भाषेत आजीला 'उन्ची' म्हणतात. वस्तीतल्या उन्चींना कुठल्या ओढ्यावरच्या झुडपाला जास्त फळ येते ते ठाऊक असते. काम सुरू होण्याआधी कोणी आपल्याबरोबर काठाने फिरायला येतील का, हे अदबीने विचारा. त्या दाखवतील त्या झुडपांना लाल फीत बांधा. शंका असेल त्यालाही बांधा. फितीची दोन रिळे तुमच्या सामानात ठेवली आहेत, आणि पहिल्या दिवशी करवती गाडीतच राहतील.