जास्वंदीचं सरबत आणि ओतून दिलेली बाटली

बाहेर ऊन मी म्हणतंय, त्यामुळे आज सरबत. लिंबू नाही, कोकम नाही, जास्वंदीच्या ताज्या फुलांचं सरबत. कृती सोपी आहे, ती सांगतेच. पण त्याआधी एक पूर्ण बाटली मी सिंकमध्ये का ओतली, ते ऐका.

आमच्या जुन्या घराच्या मागे आजीची लाल जास्वंद होती. पाच पाकळ्यांची, साधी देशी. सकाळी गणपतीला फुलं जायची आणि उरलेल्यांचं उन्हाळ्यात सरबत व्हायचं. घर रिडेव्हलपमेंटला गेलं, झाड गेलं, आजी सातव्या मजल्यावर आली आणि सरबत बंद झालं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी ठरवलं, आपण करायचं. सोसायटीच्या बागेत जास्वंद लालबुंद फुललेली होती. पहाटे जाऊन पंचवीस फुलं तोडली, धुतली, सरबत केलं. रंग काय सुंदर आला होता! बाटलीला रिबीनसुद्धा बांधली.

संध्याकाळी माळीकाका भेटले. मी कौतुकानं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "ताई, परवाच औषध मारलंय त्याला. पिठ्या ढेकूण झाला होता."

पिठ्या ढेकूण म्हणजे जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड दिसते ना, ती. तिच्यावर बरेचदा आंतरप्रवाही कीटकनाशक वापरतात. म्हणजे ते औषध झाडाच्या रसात जातं आणि तिथून पानाफुलांत. मग पाकळ्या कितीही धुवा, उपयोग नाही. मी पाकळ्या तीनदा धुतल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आजीला ते पाजायला निघाले होते मी! वर गेले आणि बाटली ओतून दिली.

तेव्हापासून माझा नियम एकच. ज्या झाडावर काय मारलंय ते मला माहीत आहे, त्याचंच फूल खायचं. फुलबाजारातला गुलाब, हारातली फुलं, बुकेतली फुलं दिसतात छान, पण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात. आणि फूल नक्की ओळखता आलं पाहिजे. कण्हेर आणि बिट्टी आपल्याकडे कुंपणाकुंपणाला असतात, देवाला वाहतातही, पण दोन्ही जीवघेण्या विषारी आहेत. फोटो काढून ॲपला विचारलं आणि सरबत केलं, असं कृपा करून नको.

मग मी पावसाळ्यात ओळखीच्या घरून जास्वंदीची फांदी आणली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालची पाने काढून कुंडीत खोचली. जास्वंद अशी सहज लागते. पुढच्या उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन फुलं यायला लागली. जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं, संध्याकाळी मिटतं, म्हणून सकाळीच तोडायचं. पाकळ्या कोरड्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवत गेले. चार दिवसांत दहा-बारा फुलं जमली.

आता कृती. फक्त पाकळ्या घ्यायच्या. खालची हिरवी वाटी आणि मधली परागांची दांडी काढून टाका, नाहीतर सरबत बुळबुळीत होतं. पाव लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा. ॲल्युमिनियम नको, आंबट पदार्थ त्यात घालत नाहीत. गॅस बंद करा, मगच पाकळ्या घाला आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पाकळ्या उकळल्या किंवा पिळल्या तरीही बुळबुळीतपणा येतो, म्हणून नुसतं गाळून घ्या. पाणी जांभळट, जरा मळकं दिसेल. घाबरू नका.

त्यात पाव किलो साखर घालून एक उकळी आणा. गार होऊ द्या. मग दोन-तीन लिंबांचा रस पिळा आणि बघा! मळका जांभळा रंग क्षणात लालभडक होतो. पाकळ्यांमधलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात लाल होतं, त्याची ही करामत. व्हिडिओ काढायचा असेल तर तो इथे.

साखरेबद्दल एक. मी एकदा 'हेल्दी' म्हणून ती निम्मी केली होती, पाचव्या दिवशी झाकण उघडताना फस्सकन फेस आला. साखर इथे गोडीसाठी जेवढी, तेवढीच टिकण्यासाठी असते. बाहेर टिकणाऱ्या सिरपमध्ये ती साधारण 65 टक्के असते, आपल्यात त्याहून कमी. म्हणून कोरडी, उकळत्या पाण्यातून काढलेली बाटली, फ्रीज, आणि दोन आठवड्यांत संपवायचं. कमी साखर हवी तर थोडंच करा आणि लगेच प्या. गरोदर असाल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ग्लासात तीन चमचे सरबत, गार पाणी, चिमूटभर मीठ, भिजवलेला सब्जा. आजीला नेऊन दिलं. तिनं आधी ग्लास उजेडात धरला, मग एक घोट घेतला. म्हणाली, "अगं, लिंबू जास्त झालंय." आणि संपवलं.

परवा माझ्या कुंडीवरही पिठ्या ढेकूण दिसला. ओल्या फडक्यानं रोज पुसून काढतेय. शेंडे साफ होईपर्यंत आमच्याकडे कोकमच.