सुजलेला पाय आणि साधं पाणी

आज आम्ही हत्तीपायाबद्दल बोलणार आहोत. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात बहुतेकींनी असा पाय पाहिलेला आहे. काहींचा स्वतःचाच आहे, आणि लुगडं घोट्याखाली सोडून तो झाकण्यात वर्षं गेली आहेत. ‘याला काही इलाज नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की बाई पायाकडे बघणंच सोडून देते. तिथेच पाय जास्त बिघडतो.

पाय सुजतो का? धानाच्या बांधीत पाणी जास्त झालं की आपण ते काढायला वाट करतो. शरीरातही अशा बारीक वाटा आहेत. रक्तातून पाझरलेलं पाणी त्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. डॉक्टर त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती गाठ याच वाटेवरची चौकी. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या चाव्यातून अंगात शिरतात आणि या वाटांमध्येच घर करतात. वाट खराब झाली की पाणी पायात साचतं. सूज दिसेपर्यंत कित्येक वर्षं गेलेली असतात. म्हणून कुणाचा शाप नाही, करणी नाही, आणि त्या बाईजवळ बसल्यानं, तिच्या हातचं खाल्ल्यानं हा रोग लागत नाही.

आता नवीन काय कळलं ते ऐका. डॉक्सिसायक्लिन नावाची एक गोळी आहे. घानामध्ये 2012 च्या सुमारास झालेल्या अभ्यासात या गोळीनं सूज कमी होते असं दिसलं होतं. मोठी आशा वाटली. मग भारत, श्रीलंका आणि माली या देशांत नीट पडताळणी झाली. अर्ध्या लोकांना सहा आठवडे खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाय धुणं आणि व्यायाम मात्र सगळ्यांना शिकवला. दोन वर्षं पाहिलं. गोळीचा वेगळा फायदा दिसला नाही. उलट नुसतं धुणं आणि व्यायाम करणाऱ्यांतही काहींच्या पायात सुधारणा झाली. आम्हाला ही बातमी निराशेची वाटत नाही. जे चाललं, ते आपल्या न्हाणीत आहे.

धुणं म्हणजे वरून तांब्या ओतणं नव्हे. पाणी साधं, गरम नको. अंगाचा साबण हातावर घ्यायचा, घड्यांमध्ये आणि बोटांच्या बेचक्यात हलक्या हातानं फिरवायचा. ब्रश नको, दगड तर नकोच. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी. मग मऊ कापडानं टिपायचं, घासायचं नाही. बेचक्यांत ओल राहिली की चिखल्या होतात, कातडी फाटते, आणि त्या फटीतून जंतू आत जातात. तिथं दवाखान्यातलं मलम लावा. पाय जाड झाला की स्वतःचा हात बोटांपर्यंत पोचत नाही, तेव्हा घरातल्या कुणीतरी खाली बसायला हवं. नवऱ्यानं बसलं तरी चालतं, बरं का!

बसताना पाय उंच ठेवा, उभ्याउभ्या टाचा वर-खाली करा. या वाटांना काळजासारखा पंप नाही. पोटरी हलली की पाणी पुढे सरकतं. ‘चिखलात जाऊ नका’ असं आम्ही सांगणार नाही. रोवणीची मजुरी सोडून कोण बसेल? पण बांधीतून आल्यावर आधी पाय, मग चूल.

कधी थंडी वाजून ताप येतो, पाय लाल, गरम होतो, ठणकतो. असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. त्या दिवसांत व्यायाम बंद, चोळणं बंद. पाय उंच, त्यावर गार ओलं फडकं, आणि त्याच दिवशी दवाखाना. शेण, चुना, ब्लेडचे चरे यातलं काही करू नका.

टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच हत्तीपायाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून मिळतो. आशाताईंकडे नाव नोंदवा.

राहिली मोहिमेची गोळी. ती सुजलेला पाय बारीक करत नाही, पण रक्तातले जंतू मारते. पापुआ न्यू गिनीत तीन औषधं एकदाच एकत्र दिली, तर तीन वर्षांनीही जवळजवळ सगळ्यांचं रक्त स्वच्छ होतं. हीच तीन औषधं आपल्याकडे, नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये सुरू झाली. पथक आलं की ते उंची मोजतं, कारण त्यातल्या एका औषधाच्या गोळ्या उंचीवर ठरतात. उपाशीपोटी घेऊ नका. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं बाळ आणि खूप आजारी माणूस यांना ती देत नाहीत. घेतल्यावर थोडा ताप, मळमळ झाली तर बहुतेक वेळा ते जंतू मरत असल्यानं होतं. ते एक-दोन दिवसांत उतरतं, जास्त वाटलं तर पथकाला कळवा. आणि गोळी त्यांच्यासमोरच गिळा. पदराला बांधून घरी नेलेल्या गोळ्या कुठे जातात, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.